पाटीवरून पुसलेले पदार्थ

लॉस एंजेलिसला जाऊन आलेला मराठी माणूस परतल्यावर साधारणपणे तीन गोष्टींबद्दल सांगतो. डोंगरावरची हॉलीवूडची पांढरी अक्षरे, डिस्नेलँडमधल्या रांगा आणि आर्टेशिया गावातल्या पायोनियर बुलेव्हार्डवर मिळणारी ताजी कोथिंबीर. मला या तिन्ही गोष्टींबद्दल आदर आहे, विशेषतः कोथिंबिरीबद्दल. परंतु त्या शहराच्या पूर्वेला, सान बर्नार्डिनोपासून डाउनीपर्यंत, साठेक मैलांचा जो पट्टा पसरला आहे, तिकडे मुद्दाम पाहायला म्हणून कोणी जात नाही. तिथे किल्ला नाही, समुद्र नाही, नाव घ्यावे असे देऊळ नाही. गोदामे आहेत, मोटारदुरुस्तीची दुकाने आहेत आणि उन्हात तापणारे रुंद रस्ते आहेत. आणि तरीही साऱ्या जगाच्या जेवणाला ज्या प्रदेशाने नवे वळण लावले असा एक प्रदेश दाखवा म्हटले, तर बोट याच पट्ट्यावर ठेवावे लागेल. मॅकडोनाल्ड इथलेच आणि टाको बेलही इथलेच.

मी २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे गेलो, तो मात्र तिथे काय मिळते हे पाहायला नव्हे. काय मिळेनासे झाले त्याचा माग काढायला. चाळिशी उलटलेल्या कोणाही अमेरिकन माणसाला बोलते करा, त्याचा एक तरी लाडका पदार्थ दिवंगत झालेला असतो. लहानपणी बापाचे बोट धरून ज्या दुकानात तो गेला, ते दुकान तिथेच असते, पाटीही तीच असते, फक्त पाटीवरची ती एक ओळ पुसलेली असते. मग तो त्या तळलेल्या पायबद्दल किंवा त्या दोन कप्प्यांच्या खोक्याबद्दल अशा काही आवाजात बोलू लागतो, की आपण शाळेतल्या एखाद्या गेलेल्या मास्तरांबद्दल बोलावे. प्रथम मला याचे हसू येई. पुढे येईनासे झाले. त्याचे कारण ओघात येईलच.

माझा मुक्काम सेरिटोसला, वहिनींकडे होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, १९८४ साली या भागात नोकरीला आला आणि २०२० च्या जानेवारीत गेला. घरात आता वहिनी आणि पुतणी. पुतणीने एका शनिवारी गाडी काढली, वहिनींनी दशम्या आणि लोणचे बांधून घेतले, आणि आम्ही तिघे सान बर्नार्डिनोच्या दिशेने निघालो.

* * *

सान बर्नार्डिनो हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. एकेकाळी आजूबाजूला संत्र्यांच्या बागा होत्या आणि शिकागोहून निघालेला सुप्रसिद्ध मार्ग क्रमांक ६६ गावातून जात असे. वाटसरूंच्या गावात खाणावळी असायच्याच. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोघा भावांनी १९४० साली इथे ई स्ट्रीटवर आपले दुकान थाटले, ते मात्र आजच्या मॅकडोनाल्डसारखे मुळीच नव्हते. निखाऱ्यावर भाजलेले मांस हा त्यांचा मुख्य पदार्थ. यादीत पंचवीसेक जिनसा. आणि गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत ताट नेऊन देणाऱ्या वीसेक पोरी. धंदा उत्तम चालला होता. इतका उत्तम, की दुसरा कोणी असता तर त्याने मागे आणखी एक खोली बांधली असती.

या भावांनी वेगळाच हिशेब केला. वह्या चाळल्यावर त्यांना दिसले, की गल्ल्यात पडणाऱ्या पैशांपैकी बहुतेक पैसे एकट्या हॅम्बर्गरचे आहेत. तेव्हा १९४८ च्या शरद ऋतूत त्यांनी चालते दुकान तीन महिने चक्क बंद ठेवले. पोरींना रजा दिली. चिनी मातीच्या बशा, काटे, चमचे काढून टाकले. भाजलेल्या मांसाची भट्टी विझवली. डिसेंबरात दार पुन्हा उघडले तेव्हा पाटीवर उरल्या होत्या फक्त नऊ जिनसा. हॅम्बर्गर पंधरा सेंट, चीज घातलेला एकोणीस सेंट, बाकी पेये, दूध, कॉफी, बटाट्याचे वेफर्स आणि पायचा तुकडा. गाडीतून उतरा, खिडकीशी या, पैसे द्या, पुडी घ्या.

गंमत अशी, की जुनी गिऱ्हाइके आली, सवयीने गाडीत बसून राहिली आणि भोंगे वाजवू लागली. पोरी येईनात. भट्टीवरचे मांसही मिळेना. कित्येकजण रागावून निघून गेले आणि काही महिने धंदा बसला. मग हळूहळू मजूर, टॅक्सीवाले, मुलाबाळांची कुटुंबे येऊ लागली आणि त्या नऊ जिनसांनी जो वेग घेतला तो आजतागायत थांबलेला नाही. वर्षभरात वेफर्स गेले आणि तळलेले बटाटे आले. पायचा तुकडा गेला आणि मिल्कशेक आला.

मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. फास्ट फूड या प्रकाराचा जन्मच मुळी पदार्थ गाळण्यातून झाला. आपल्याकडे खानावळ वाढते ती एकेक जिन्नस मिळवीत; आधी मिसळ, मग भजी, मग गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. इथे पाटी पुसून धंदा वाढला. तेव्हा पुढे ज्या ज्या पदार्थासाठी अमेरिकन माणूस हळहळला, त्याचे भवितव्य १९४८ सालीच ठरून गेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

मूळ इमारत आता नाही. त्या जागेवर कोंबडीचे पदार्थ विकणाऱ्या एका स्थानिक कंपनीची कचेरी आहे आणि तिच्या मालकाने, आल्बर्ट ओकुरा यांनी, हौसेने एक संग्रहालय मांडले आहे. मॅकडोनाल्ड कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. ओकुरा आमच्या भेटीआधी काही महिने, २०२३ च्या जानेवारीतच वारले. आत प्रवेशमूल्य नाही. कपाटांतून जुनी खोकी, कागद, पेले, मुलांना जेवणाबरोबर देत ती खेळणी, असे अक्षरशः खच्चून भरले आहे. आमच्याशेजारी एक साठीचे गृहस्थ कपाटाच्या काचेला नाक लावून उभे होते आणि आपल्या नातवाला एकेक खोके दाखवीत होते. नातू मोबाइलमध्ये होता.

* * *

या पुसलेल्या पदार्थांचे मृत्युलेख वाचण्यासारखे आहेत. हूला बर्गर हे त्यातले सर्वांत अल्पायुषी बाळ. सिनसिनाटी शहरात कॅथलिक वस्ती मोठी. शुक्रवारी ते लोक मांस खात नसत आणि दुकान ओस पडे. तिथले दुकानदार लू ग्रोएन यांनी १९६२ साली माशाचा बर्गर करून पाहिला. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांना माशाचा वास पसंत नव्हता. त्यांनी पावात भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज घालून आपला हूला बर्गर पुढे केला. दोहोंची पैज लागली. त्या दिवशी मासे खपले साडेतीनशे आणि अननस खपले सहा, असे सांगतात. म्हणजे एका अर्थी शाकाहारी बर्गरची शक्यता अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच उगवली होती आणि त्याच दिवशी मावळली.

मॅकडीएलटी हा १९८४-८५ च्या सुमारास आला. याला एकात एक दोन कप्प्यांचे फोमचे खोके होते. गरम मांस एका बाजूला, थंड टोमॅटो व सॅलडची पाने दुसऱ्या बाजूला. खाणाऱ्याने दोन्ही एकत्र मिटायचे. लोकांना आवडला. परंतु फोमच्या कचऱ्यावरून ओरड झाली, १९९० मध्ये कंपनीने फोम सोडायचे ठरवले आणि खोक्याबरोबर पदार्थही गेला. पिझ्झाचे मरण निराळे. तो भाजायला मिनिटे लागत, आणि या धंद्याचे घड्याळ सेकंदांचे. बहुतेक दुकानांतून तो लवकरच हद्दपार झाला. ओहायोतले पोमरॉय आणि वेस्ट व्हर्जिनियातले स्पेन्सर या दोन गावांत मात्र २०१७ सालापर्यंत तग धरून होता आणि लोक शेकडो मैल गाडी हाकून तिथे जात.

चव वाईट म्हणून गेला, असा पदार्थ त्यांत क्वचितच सापडतो. वेळ लागला म्हणून गेला, खोके मोठे म्हणून गेला, किंवा स्वयंपाकघरात त्याच्यासाठी वेगळा डबा उघडावा लागतो म्हणून गेला.

एक वियोग मात्र असा आहे, की त्यात मला त्या लोकांबरोबर रडता आले नाही. बटाट्याचे ते प्रसिद्ध काप १९९० पर्यंत मुख्यतः गाईच्या चरबीत तळत असत. हृदयरोगाच्या चिंतेमुळे कंपनीने त्या वर्षी वनस्पती तेल धरले आणि ‘ती जुनी चव गेली’ असे म्हणून हळहळणारी पिढी आजही भेटते. त्याच चरबीचे नाव ऐकून आपली माणसे कानांवर हात ठेवतात. तेल बदलल्यावरही स्वादासाठी गोमांसाचा अंश वापरला जातो, या कारणावरून २००१ साली सिएटलला दावा दाखल झाला, आणि पुढच्या वर्षी शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. एकाची हरवलेली चव ती दुसऱ्याची सुटका, असेही होते.

वहिनी एका बाकावर टेकल्या होत्या. पुतणी मला कपाटाआड घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, “काका, टाको बेलचा मेक्सिकन पिझ्झा मध्ये दीड वर्ष बंद झाला होता, तुला माहीत आहे?”

मला वर्तमानपत्रातून माहीत होते.

“आईला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी सांगितलंच नाही. बाबा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. त्यात हे कुठे सांगू?”

* * *

याचा खुलासा करायला हवा. १९८४ साली या देशात शाकाहारी माणसाने बाहेर खायचे म्हणजे पाव आणि त्यावरची सॅलडची पाने. दादा-वहिनी दोघेही कट्टर शाकाहारी. पगाराच्या शुक्रवारी सहकारी मंडळी हॉटेलात जात, आणि हे दोघे घरी येऊन पिठले करीत. १९८५ साली टाको बेलने पिझॅझ पिझ्झा नावाचा पदार्थ काढला. तीन वर्षांनी त्याचेच नाव मेक्सिकन पिझ्झा झाले. गव्हाच्या दोन कडक तळलेल्या पोळ्या, मध्ये मांस व घोटलेला घेवडा, वर तिखट रस्सा, चीज, टोमॅटो. चार तुकडे करून मिळे. कोणा तरी भारतीय विद्यार्थ्याने दादाला सांगितले, की मांस काढून त्याऐवजी नुसता घेवडा घाला म्हटले तर घालतात. झाले! कुरकुरीत, तिखट, आंबट, वर टोमॅटो. शेवपुरीची सावत्र बहीणच ती. पगाराच्या शुक्रवारी ते दोघे एक पिझ्झा घेत आणि दोन-दोन तुकडे खात. दादाच्या पत्रांतून या पिझ्झाचे वर्णन मी इतके वाचले होते, की पुण्यात बसून मला त्याची चव ठाऊक झाली होती.

हे फक्त आमच्याच घरी घडले असे नाही. अमेरिकेतल्या हजारो भारतीय घरांचा हा पहिला ‘बाहेरचा’ पदार्थ होता. २०२० च्या नोव्हेंबरात कंपनीने तो पाटीवरून काढला तेव्हा दिलेले कारण खोक्याचे होते: त्याच्या पुठ्ठ्याला वर्षाला सत्तर लाख पौंडांहून अधिक कागद लागे. तो परत आणावा म्हणून निघालेल्या अर्जावर एक लाख सत्तर हजारांहून अधिक सह्या झाल्या. त्यांत आपल्या लोकांचा आवाज मोठा होता, हे अमेरिकन वृत्तपत्रांनीही नोंदवले. एक सही माझ्या पुतणीची. १९ मे २०२२ रोजी तो परत आला, मागणी इतकी झाली की माल संपला, आणि सप्टेंबरात पुन्हा आला तो कायमचा.

* * *

दुपारी आम्ही माउंट व्हर्नन अव्हेन्यूवरच्या मितला कॅफेत गेलो. हे मेक्सिकन हॉटेल १९३७ पासून त्याच रस्त्यावर चालू आहे. १९५० च्या सुमारास समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाची हॅम्बर्गरची टपरी होती. मितलासमोर टाकोसाठी लागणाऱ्या रांगा त्याला दिसत. रात्री आपले दुकान मिटल्यावर तो इथे येऊन टाको खाई आणि ते कसे करतात याचा अंदाज बांधी. शेवटी मालकांनी त्याला स्वयंपाकघर दाखवले, असे सांगतात. त्याने पोळ्या आधीच तळून ठेवायची युक्ती काढली, एकोणीस सेंटला टाको विकला आणि १९६२ मध्ये डाउनीला पहिले टाको बेल उघडले.

मी तो मूळचा टाको मागवला. कुरकुरीत पोळी आतल्या मांसासकट तळलेली, वर चीजची रास. वहिनींनी आपली दशमी गाडीतच उरकली होती. त्यांनी कॉफी घेतली. शेजारच्या टेबलावर आजोबांपासून नातवापर्यंत एक कुटुंब बसले होते आणि कोणीही यादी उघडली नव्हती. काय मिळते ते त्यांना ठाऊक होते. त्या घटकेला मला त्यांचा थोडा हेवा वाटला.

डाउनीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. अपोलो मोहिमांतली अंतराळवीरांना चंद्राच्या कक्षेपर्यंत नेणारी याने याच गावात बांधली गेली. त्याच गावात लेकवुड बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर १८ ऑगस्ट १९५३ रोजी उघडलेले मॅकडोनाल्ड अजून उभे आहे. आज उभ्या असलेल्यांत ते सर्वांत जुने. इमारतीच्या अंगातूनच आरपार गेलेल्या दोन पिवळ्या कमानी, आणि उंच खांबावर निऑनचा, पळणारा स्पीडी नावाचा आचारी. या दुकानाचा करार थेट भावांशी झालेला होता, क्रॉक यांच्या कंपनीशी नव्हे. त्यामुळे इतर दुकाने बदलत गेली तरी हे जसेच्या तसे राहिले. १९९४ च्या भूकंपानंतर ते बंद झाले, पाडण्याची भाषा झाली, तेव्हा वास्तुजतन करणाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी ते लावून धरले आणि १९९६ मध्ये ते पुन्हा उघडले.

आणि इथे तो तळलेला सफरचंदाचा पाय मिळतो. १९६८ पासून तो देशभर होता. १९९२ मध्ये आरोग्याच्या नावाखाली भट्टीत भाजलेला पाय आला आणि जवळजवळ सगळीकडून हा उठला. अरुंद पुठ्ठ्याच्या वेष्टणातून तो आम्ही बाहेर काढला. पापुद्र्यावर फोड आलेले, आतले सारण जीभ पोळेल इतके गरम. वहिनींनी एक घास घेतला, उलटसुलट करून कडा पाहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, ही सफरचंदाची करंजीच की! मुरड तेवढी घालायची राहिलीय.”

फायरस्टोन बुलेव्हार्डवर पहिले टाको बेल ज्या जागी होते तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. दुकान १९८६ सालीच हलले होते. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा कंपनीने ती २०१५ च्या नोव्हेंबरात एका रात्री ट्रकवर चढवून अर्व्हाइनला आपल्या कचेरीच्या आवारात नेऊन ठेवली. लोकांनी रस्त्याकडेला उभे राहून तिला निरोप दिला. पाटीवरची ओळ पुसताना ज्यांचा हात कापत नाही, त्यांनाही आपले पहिले घर टाकवत नाही, हे मला बरे वाटले.

परतीच्या वाटेवर त्याच कंपनीचे एक साधे, कोठल्याही चौकात असते तसे दुकान लागले. पुतणीने मला विचारल्यासारखे पाहिले आणि गाडी आत वळवली. दादा गेल्यापासून वहिनी अशा दुकानात आल्या नव्हत्या. काउंटरवरच्या पोराला मात्र त्यांनी एका दमात सांगितले, “वन मेक्सिकन पिझ्झा, नो बीफ, बीन्स इन्स्टेड.” चाळीस वर्षे पाठ असलेला मंत्र.

खोके उघडल्यावर त्या जरा वेळ पाहत राहिल्या. “ऑलिव्ह नाहीत,” त्या म्हणाल्या. “पूर्वी काळे ऑलिव्ह असायचे. तुझे बाबा एकेक वेचून माझ्याकडे सारायचे.”

“ते केव्हाच काढले, आई,” पुतणी म्हणाली. मग तिने सगळेच सांगून टाकले. पिझ्झा कसा गेला, कागद, सह्या, आपली सही, आणि आपण का बोललो नाही ते.

वहिनी काही वेळ गप्प होत्या. बाहेर गाड्यांची रांग खिडकीशी येत होती, पुड्या घेऊन पुढे सरकत होती.

“दीड वर्ष?” त्यांनी विचारले. “आणि तुम्ही सगळ्यांनी मागे लागून परत आणलात?”

“हो.”

“बरं केलंत,” वहिनी म्हणाल्या. “जे आणता येतं ते आणावं.”

त्यांनी एक तुकडा घेतला, एक लेकीपुढे सरकवला, एक माझ्यापुढे. कुरकुरीत होता, तिखट होता, आंबट होता; पत्रांतून समजलेल्या चवीपेक्षा किंचित खारट. चौथा तुकडा खोक्यात उरला. तिघांपैकी कोणीच हात पुढे करेना.

“भाऊजी, तो तुम्ही संपवा,” शेवटी वहिनीच म्हणाल्या. “गार झाला की त्यात काही राम राहत नाही.”

मी तो खाल्ला.